अंधारात पुकारलेलं सक्करदरा

वेल्सला जाताना माझ्या यादीत अकरा कामं होती. दहा सोपी होती. अकरावं म्हणजे मुलीला नागपूरला परत आणणं. ती तिकडे शिकायला गेली आणि एका गावच्या शाळेत शिकवायला लागली. इथल्या शाळेत मी तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. ती फोनवर 'पाहू' म्हणायची, म्हणून तिच्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागताच मीच गेले.

तिनं सांगितलं, शेजारच्या गावात तिथल्या वेल्श भाषेचा उत्सव आहे, कविता, गाणी, स्पर्धा. ट्रेनमध्ये तिचा डोळा लागला. झोपेत ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान जवळ नेला. मराठी नव्हतं ते. इंग्रजीही नव्हतं. मी तिला उठवलं नाही.

गावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, खिडक्यांना पडदे. सगळं गाव एका हॉलमध्ये जमलं होतं. आम्ही शिरलो तशी माणसं मुलीकडे पाहून हसली, मग माझ्याकडे पाहून गप्प झाली. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मलाच नाही, असं वाटत राहिलं.

तिथली रीत मुलीनं आधीच समजावली होती. कविता टोपणनावानं पाठवायची. जिंकणाऱ्याला आधी कळवतात, पण त्यानं घरच्यांनाही सांगायचं नाही. बक्षीस म्हणजे एक खुर्ची. हॉलमध्ये अंधार करून टोपणनाव पुकारतात. ज्याचं असेल त्यानं उभं राहायचं, दिवा त्याला शोधून काढतो.

दुपारचे तीन वाजले होते. जाड पडदे ओढले, दिवे गेले. तुतारी वाजली. मग पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्यानं सावकाश नाव पुकारलं.

"सक्करदरा."

मी उभी राहिले. विचार करून नाही. नागपुरात आमच्या खात्याच्या बैठकीत माणसांची नावं घेत नाहीत, ज्याच्याकडे शहराचा जो भाग, त्याचं नाव पुकारतात. बावीस वर्षं 'सक्करदरा' म्हटलं की मी फाईल घेऊन उठते. इथेही उठले, तेव्हा हातात फक्त पर्स होती.

दिव्याचा गोल रांगांवरून सरकत आला आणि माझ्या चेहऱ्यावर थांबला. पुढचं काही दिसेना. टाळी नाही, खोकला नाही. उजेडापलीकडे शेकडो माणसं माझ्याकडे पाहत श्वास घेत होती, तेवढंच ऐकू येत होतं. आमचं घर आहे त्या भागाचं नाव इथे कोणी आणलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

बाजूनं मुलीनं माझी बाही ओढली.

"आई, तू खाली बस. मले उभं राहा लागते."

मी बसले. ती उठली. दिवा माझ्यावरून तिच्यावर गेला आणि हॉल एकदम टाळ्यांनी भरला. दोघांनी तिला हात धरून नेलं, बक्षिसाच्या लाकडी खुर्चीसमोर उभं केलं. ती इतकी ताठ चालत गेली की पाठीमागून मी तिला ओळखलं नसतं.

तिच्या डोक्यावर त्यांनी तलवार धरली, अर्धी म्यानाबाहेर काढलेली. म्हाताऱ्यानं काही विचारलं, हॉलनं एका शब्दात उत्तर दिलं. बाजूची बाई इंग्रजीत कुजबुजली, तो विचारतोय, शांतता आहे का. तीनदा विचारतात. आहे म्हटल्याशिवाय तिला खुर्चीत बसवत नाहीत.

दुसऱ्यांदा विचारलं. उत्तर आलं.

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती थेट माझ्याकडे पाहत होती. एवढ्या अंधारात मी तिला दिसणं शक्य नव्हतं. लोकांचं उत्तर येऊन विरलं. तिनं नजर हलवली नाही.

मी म्हणाले, "आहे वं."

बाजूच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल, इतकं हळू. स्टेजवर तिनं मान हलवली आणि खुर्चीत बसली.