लाजवंतीची सोयरीक

दुसऱ्याच्या सोयरिकीत नाक खुपसणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण माकडांच्या सोयरिकीच्या काळजीनं वाळून काडी झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला.

परभणीला शेतकी कॉलेजात तो शेळ्यांची पैदास शिकवायचा. पगार शेळ्यांचा, जीव मात्र लाजवंतीत. लाजवंती म्हणजे दक्षिणेकडच्या जंगलातलं, माकडाच्या कुळातलं जनावर. खारीहून थोडं मोठं, शेपूट नाही, हातपाय काड्यांसारखे, डोळे वाटीएवढे. दिवसा झोपतं आणि अंधार पडला की फांद्या धरत हळूहळू फिरतं. आपल्या जिल्ह्यात ते औषधालाही सापडत नाही. तिकडचा एक मित्र साडूला वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या लाजवंतींचं रक्त बर्फाच्या डब्यातून पाठवायचा. कॉलेज सुटलं की हा ते रक्त एका चिकट थरावर ठेवून त्यातून वीज सोडायचा, मग पट्टे उमटायचे. पट्टे वेगवेगळे आले तर रक्तात नवं काही आहे; सगळे सारखेच आले तर ती टेकडी आपापसातच लग्नं लावतेय आणि फार दिवस टिकणार नाही, असा त्याचा हिशेब. पट्टे सारखे आले की त्याचं जेवण सुटायचं. मेहुणी माझ्या बायकोला सांगायची, "आक्का, आज कुठल्या तरी टेकडीवर वाईट झालंय. ताटावरून उठले."

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. सातवी नापास, पण गंगाखेडच्या बाजारात माझ्याशी भाव करायला लोक घरून जेवून येतात. साडूला बाजारात नेणं म्हणजे धंद्याला चूड लावणं. गिऱ्हाईक बोकडाचे दात बघत असताना हा मधेच विचारणार, "ह्याचा बाप कोण?" एकदा नामांतराच्या बंदात एसट्या उभ्या होत्या, तर हा रुळाच्या कडेनं चालत आमच्या पेडगावला आला. मला वाटलं, कुणीतरी वारलं. पण माझ्या कळपात वाकड्या जबड्याचं करडू जन्मलंय, एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. पाणीसुद्धा न पिता त्यानं करडाचं तोंड उघडून पाहिलं. "साडूभाऊ, बोकड बदला. कवापासून ह्यो एकच ठेवलाय?" चांगला बोकड घरचाच, पोरासारखा वाढवायची आमची रीत. मी भडकलो. पुढं बोकड बदलला, पण हे त्याला कळू दिलं नाही.

एवढं असून जिवंत लाजवंती त्यानं कधी पाहिली नव्हती. रजा मागितली की साहेब म्हणायचे, शेळ्यांच्या माणसाचं जंगलात काय काम? मग तो नकाशातल्या टेकड्यांवर बोट ठेवून बसायचा, सासरी अडकलेल्या बाईनं माहेरची वाट बघावी तसा.

आता माझी तक्रार. थोरल्या पोरासाठी मी त्याच्या मामाची मुलगी मागितली. आमच्यात तो भाच्याचा हक्कच. मेहुणा भलता ताठ. अख्खा हिवाळा त्याच्या दारी खेपा घालून मी त्याला नमवला. सुपारी फोडायला बैठक बसली. तेवढ्यात साडू पुढं सरकला आणि ताटातल्या ज्वारीच्या अक्षता घेऊन त्यानं सतरंजीवर दोन ढीग केले.

"ही एक टेकडी, ही दुसरी. मधलं रान तुटलं. लाजवंती फांदीवरून जाती, उघड्या रानातून न्हाई. म्हणून ती हितल्या हितंच सोयरीक करती. तिचा नाइलाज हाय." मग मेहुण्याकडं पाहून म्हणाला, "तुमच्या तर दारात एसटी थांबती."

मेहुणा उठला. "माझ्या लेकीला माकडीण म्हणायलात का, दाजी?"

"न्हाई. माकडापशी एसटी न्हाई, एवढंच म्हणायलोय."

बैठक मोडली. त्या दिवशी मी साडूला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पोराचं लग्न पुढं येलदरीकडच्या, नात्यात नसलेल्या मुलीशी झालं. सून चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार साडूबद्दल आहे आणि ती अजून आहे. जमलेला सौदा माझ्या हातून असा कुणी घालवला नव्हता.

शेवटी त्याला रजा मिळाली. मी परभणी स्टेशनवर गेलो, ऐकवायचं राहिलेलं ऐकवायला. गाडीच्या खिडकीत तो नव्या सदऱ्यात नवरदेवासारखा बसला होता. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "साडूभाऊ, एक डाव डोळ्यानं बघून येतो. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. सगळ्या ऐकतो."

"आधी दिसली का ते सांगा," मी म्हणालो, "शिव्या कुठं पळून चालल्यात?"

तिकडच्या जंगलातच त्याला ताप भरला, आणि तो परत आलाच नाही. कॉलेजचा एक माणूस त्याचं सामान घेऊन आला, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना ती दिसली का?" तो म्हणाला, "कोण?"

मेहुणी अजून कधीतरी भाकरी वाढता वाढता विचारते, "दाजी, बघितली असंल का हो त्यांनी?" बाजारात मी आजवर कुणाचं पहिलं बोलणं मान्य केलेलं नाही. तिचं मात्र लगेच करतो.

"बघितली की," मी म्हणतो. "एक न्हाई, दोन. येगयेगळ्या टेकडीवरच्या. एकाच फांदीवर बसल्या होत्या."