उघड्या मानेच्या कोंबड्यासाठी टिटवाळ्याला

कोपरीहून निघालो तेव्हा माझ्या हातात रिकामं डालगं (बांबूची मोठी टोपली) होतं आणि डोक्यावर ताईची आज्ञा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कोलशेतला राहते, घरामागे कोंबड्या पाळते. मानमोडीने (मान वाकडी करून मारणारी कोंबड्यांची साथ) दोनदा तिचं खुराडं ओस पाडलं. उरल्या तीन कोंबड्या. "ह्याही गेल्या तर खुराडं भंगारात देईन," म्हणाली आणि चक्क रडली. माझ्या लग्नातसुद्धा ती रडली नव्हती, हसलीच होती.

गुरांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलेलं, "लस टोचायचीच. पण वाणही बघा. साथ झेलून जे तगतं, त्याच्या अंगात काहीतरी असतं, ते पिल्लांत उतरतं." तेव्हा ताईला बारकूमावशी आठवल्या. पावसाळ्यात रानभाज्या विकायला ठाण्याला येतात. त्यांचा उघड्या मानेचा कोंबडा म्हणे तीन साथींतून वाचलेला. तो आणायची कामगिरी माझ्यावर! मी जन्मात कोंबडी पकडलेली नाही.

टिटवाळ्याला उतरलो, रिक्षा केली. नव्या इमारती संपल्या, शेतं लागली. मावशींच्या अंगणात पाऊल ठेवलं आणि समोर तोच! मानेवर एक पीस नाही, तोरा मात्र जावयाचा. माझ्याकडे त्याने असं बघितलं की मीच शर्टाचं वरचं बटण लावलं.

आता आमच्या घरची शिस्त अशी, की दारात पाय ठेवल्या ठेवल्या काम सांगायचं नाही. आधी पाणी, चहा, हवापाणी. ताईनेही फोनवर फक्त "भाऊ येतोय" एवढंच कळवलेलं. मी मारे सभ्यपणे ओट्यावर बसून भाताच्या पिकावर बोलत राहिलो. मागच्या बाजूला जरा फडफड झाली. मी मनात म्हटलं, वा, खेड्यात किती जिवंतपणा!

जेवायला तांदळाची भाकरी आणि झणझणीत रस्सा. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तरी मी रस्सा दोनदा मागून घेतला. हात धुतले आणि मग मुद्द्यावर आलो.

"मावशी, तुमचा तो उघड्या मानेचा कोंबडा ताईला हवाय. पैदाशीसाठी."

मावशींनी माझ्या ताटाकडे बघितलं. मीही बघितलं.

"आवं दादा, आधी नाय का बोलायचं!" मावशींनी कपाळावर हात मारला. "घरात नर ह्यो एकच. कोंबड्या अंडी देतात, त्या कशा कापू? आन् पाव्हण्याला काय डाळभात घालू?"

तीन साथी पचवलेला तो वीर, आणि मी त्याला पचवत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईला काय तोंड दाखवू?

मावशीच सावरल्या. कोपऱ्यात एक खुडूक (अंड्यांवर बसलेली) कोंबडी होती. "अकरा अंडी हायत, त्याचीच. हीपण साथीतून वाचलेली. आज-उद्या फुटतील. घेऊन जा." डालग्यात पेंढा, पेंढ्यावर अंडी, अंड्यांवर बाई आणि वर माझा टॉवेल.

"हळू चालव रे, आत बाळंतीण आहे," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

"काका, मग हॉस्पिटलला घेऊ?" त्याने मागे वळून बघितलं आणि टॉवेलमधून आलेली चोच बघून रिक्षा बैलगाडीच्या चालीने हाकली.

लोकलमध्ये डालगं मांडीवर घेऊन बसलो. कळव्याच्या आसपास टॉवेलखालून "चिव" झालं. शेजारच्या आजींनी मला विचारलं, "मोबाइल वाजतोय का तुमचा?" मी म्हटलं, "हो, घरचा आहे."

कोलशेतला ताई फाटकातच उभी. "कोंबडा कुठाय?"

मी टॉवेल उचलला. कोंबडीच्या पंखाखालून एक ओलसर पिल्लू बाहेर आलं. मानेवर एक पीस नाही. ताईने ते ओंजळीत घेतलं आणि पुन्हा रडली, पण ह्या वेळी हसत.

एवढंसं पिल्लू साथीला पुरून उरेल का, कुणास ठाऊक. लस तर टोचूच. पण त्या दिवसापासून मी कुणाच्याही दारात आधी काम सांगतो, मग चप्पल काढतो.

"अगदी बापावर गेलंय रे!" ताई म्हणाली. "तू बघितलास ना त्याला? कसा होता?"

"फार चांगला होता गं," मी म्हटलं, आणि तेवढ्यात मला ढेकर आली.