जेवला असाल तर एक दाबा

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा नियम धरणेंद्र आप्पांनी सत्तर वर्षं पाळला. बायको गेल्यावर मात्र निपाणीजवळच्या घरात ते एकटे पडले आणि जेवायचंच विसरू लागले. मुलगा वृषभ मच्छे गावच्या एका कारखान्यात संगणकाचं काम बघायचा. त्यानं तिथल्याच संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. सूर्यास्ताआधी तासभर आप्पांच्या घरचा जुना फोन वाजे आणि वृषभचाच आवाज विचारी, "आप्पा, जेवलासा काय? जेवला असाल तर एक दाबा." एक दाबेपर्यंत दर दोन मिनिटांनी पुन्हा फोन.

आप्पा शेजारच्या भरमूला कौतुकानं सांगत, "पोरगा लई चिवट हाय बघ. जेवल्याबिगर सोडत न्हाय."

गेल्या माघात एका संध्याकाळी फोन वाजू लागला तो थांबेचना. आप्पा पोरावर रुसले असतील, असं भरमूला वाटलं. सकाळीही तो वाजतच होता, तेव्हा त्यानं दार ढकललं. आप्पा न्हाणीच्या उंबऱ्यात पडले होते. पडल्यावर दोन-तीन तास तरी जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले.

पाच वेळा उचलला नाही तर मला कळव, ही एक ओळ वृषभनं लिहिली नव्हती. प्रोग्राम चालू आहे म्हणजे आप्पांकडं लक्ष आहे, अशा समजुतीत तो निर्धास्त होता. निदान दिवस मावळल्यावर थांब, एवढंही त्यानं सांगितलं नव्हतं. दिवस मावळल्यानंतर या घरात कुणी घास घेत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. इतकं ठाऊक की लिहावंसं वाटलंच नाही.

अंत्यसंस्कार करून सगळे घरी येऊन बसले, तरी फोन वाजतच होता. बहीण निशानं उचलला. समोर भाऊ गप्प बसलेला, आणि कानात तोच विचारत होता, आप्पा, जेवलासा काय. तिनं फोन ठेवला. दोन मिनिटांनी परत वाजला.

"बंद कर की रं," ती हळूच म्हणाली.

वायर काढून भागलं नसतं. तिकडं कारखान्यातला संगणक विचारतच राहिला असता. वृषभ उठला. आपलाच आवाज त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

"न्हाय जेवलं," तो म्हणाला.

पलीकडं ते ऐकणारं कुणी नव्हतं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. त्यानं एक दाबला.

"बरं झालं, आप्पा," त्याचा आवाज म्हणाला. "उद्या परत लावतो."