कॅनमधलं हिरवट पेट्रोल

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वहिनींना ओळखत नाही — ओळखत असता तर आजही तोंड उघडलं नसतं.

बिडकीनजवळ आमची मोसंबीची बाग आहे. ती दादा-वहिनी बघतात. मी शहरात राहतो, शेंद्र्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दादाची कंबर धरली, तेव्हा फवारणी वहिनींनी अंगावर घेतली. पाठीवर अडकवायचा, पेट्रोलवर चालणारा पंप. दोरी ओढून तो सुरू करणं, नळी चोंदली तर उघडून साफ करणं — सगळं त्या शिकल्या. शेजारच्या बायका बांधावर येऊन बघत. एकदोघींनी तर आपल्या बागेत फवारायलाही बोलावलं. एरवी खाली मान घालून चालणाऱ्या वहिनी पंप पाठीवर चढला की ताठ व्हायच्या.

आणि मी? मला कंपनीतल्या शहाणपणाचा किडा चावलेला. मोबाईलवर पाहिलं होतं — कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, गळा थोडा मोठा करायचा, आतून घासून गुळगुळीत करायचा, हवा गाळणारा स्पंज काढून टाकायचा, की हवा मोकळी शिरते आणि इंजिनाचा जोर वाढतो. वहिनींनी बजावलं होतं, "भावजी, पंप झ्याक चाललाय. हात लावू नका बरं." मी ऐकलं का? सुट्टीवर गावी आलो होतो, दोघं लग्नाला गेलेली बघून मी तो उघडला. कुणाला सांगितलं नाही. चकित करायचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवरच होतो. तुषार पार शेंड्यापर्यंत जात होते. "भावजी, आज पंप लई जोरात हाय!" वहिनी झाडांमधून ओरडल्या. मी नुसता हसलो. काय मिरवत होतो मी, आणि कुणापुढे?

ऊन चढलं आणि इंजिन एकदम थांबलं. दोरी ओढली तर हलेना. पिस्टन आत जाम झाला होता.

या पंपाला तेल वेगळं घालत नाहीत, ते पेट्रोलमध्येच मिसळतात. ते काम वहिनींचं. मी हवा वाढवली होती, पेट्रोल मात्र होतं तेवढंच ठेवलं. त्यामुळे इंजिन भलतंच तापलं, आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही अपुरं पडलं. मला हे उभ्या उभ्या कळलं. दादाला भलतंच कळलं.

"तेल टाकायचं इसरलीस ना?" तो ओरडला. बांधावर बायका उभ्या होत्या.

"टाकलं व्हतं की," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, हळूच, "टाकलं व्हतं... वाटतंय."

ते 'वाटतंय' अजून माझ्या कानात आहे.

इथवर सांगणं सोपं होतं — चूक कुणाचीही होते. पुढचं सांगायला जड जातंय. तेल मिसळलं की पेट्रोलचा रंग हिरवट होतो. पांढरा प्लास्टिकचा कॅन तिथेच होता, तळाशी थोडं पेट्रोल उरलेलं. मी कॅन उचलून उन्हात धरला. हिरवट. अगदी स्वच्छ हिरवट. तो दादाच्या हातात दिला असता तर विषय तिथेच मिटला असता — आणि माझ्यावर आला असता. मी म्हणालो, "पार्ट धुवायला लागेल," आणि ते सगळं घमेल्यात ओतलं. पंप खोलून त्यात तो काजळलेला पिस्टन धुतला. पेट्रोल काळं झालं. मेकॅनिक लोक असंच करतात, कुणाला काही वाटलं नाही. मी खोटं एक अक्षर बोललो नाही, असं नंतर स्वतःला किती वेळा ऐकवलं!

पंप दुरुस्त झाला. कार्बोरेटरही गेलाय असं सांगून तो मीच बदलला. आता फवारणीला माणूस लावतात. दादा काही वाईट नाही, तो राग कधीच विसरला. वहिनी नाही विसरल्या. त्यांना पटलं की चूक त्यांचीच. आमटीत मीठ घातलं का, गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का — प्रत्येक गोष्ट लेकीला विचारतात. "बघ गं एकदा, मला काय भरवसा न्हाय माझा." दोन बागा फवारून येणारी ही बाई!

गेल्या दिवाळीत लेक मागे लागली, आई, स्कूटी शिकवते तुला. वहिनींनी हात जोडले. "नको गं बाई. मी तेल इसरणारी. यंत्राला माझा हात नको." सगळे हसले. त्याही हसल्या.

मीही हसलो. चहाचा कप हातात होता, समोर वहिनी होत्या, जीभ शाबूत होती — आणि मी हसलो.

वहिनी, तेल तुम्ही टाकलं होतं.