अठ्ठेचाळीस सेकंद

द्वारकाबाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं संगीत शिकवलं आणि तेवढ्या काळात बेसूर पोरीला कधी फुकट पास केलं नाही. ही ख्याती ऐकूनच महोत्सव समितीनं त्यांना परीक्षक नेमलं, आणि नेमल्यापासून समिती पस्तावत होती.

काम वर्षातून एकदाच. शहरात बावीस वादकांचा एक वाद्यवृंद होता. दिवाळीनंतर त्याचा मोठा कार्यक्रम व्हायचा आणि तिघा परीक्षकांनी एक छापील तक्ता भरून द्यायचा. वाद्यवृंद एकच, त्यामुळे पहिलं कोण, दुसरं कोण, हा प्रश्नच नव्हता. तक्ता फायलीला लावायचा, एवढंच. मेळ, लय, शिस्त आणि शेवटचा रकाना 'कार्यक्रमातील नावीन्य, दहापैकी गुण'. बाकीचे दोघं परीक्षक पडदा वर जायच्या आधीच तिथं आठ लिहून मोकळे होत.

द्वारकाबाईंनी गेल्या साली दोन लिहिले होते. कारण पहिल्या तीन वर्षांतच त्यांच्या ध्यानात आलं होतं, की दर वर्षी नवी असते ती फक्त कार्यक्रमपत्रिका. पाटबंधारे खात्याचे साहेब पाहुणे होते तेव्हा 'जायकवाडीच्या लाटा' वाजल्या. पर्यटनवाले आले, तेव्हा त्याच लाटांचं नाव झालं 'अजिंठ्याची पहाट'. मुक्तिदिनाच्या अमृतमहोत्सवी वर्षी तीच पहाट 'मुक्तीची' झाली. शेवटी तोच जलतरंग, तीच झांज, त्याच टाळ्या.

"अहो, ही तीच चाल आहे," त्या पोळ्या लाटता लाटता गुणगुणून नवऱ्याला पटवून देत.

नानासाहेब मूळ पैठणकडचे, कचेरीतून निवृत्त झालेले. वाद्यवृंदाचा पास त्यांना बायकोपेक्षा प्रिय होता. "मग असू दे की. लई झकास वाजवतात. तुझी मंगळवारची येसराची आमटी पस्तीस वर्षं तीच आहे, तिला मी कधी नावीन्याचे गुण दिले का?"

"दुसरं काही केलं तर तुम्हीच म्हणता ना, छान आहे, पण आपलं नेहमीचं बरं!"

"व्हय, मग? बरंच आहे ते."

द्वारकाबाई पुढची पोळी लाटायला घेत.

द्वारकाबाईंचा खरा जीव अडकला होता तो युसूफच्या धुनेत. युसूफ वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा, लग्नसराईत शहागंजातल्या बँडमध्ये. त्याची बहीण द्वारकाबाईंच्या हाताखाली शिकलेली, म्हणून तोही त्यांना 'बाई'च म्हणायचा. त्याची आई जहांआरा करमाडला जात्यावर दळताना जे दखनी गाणं म्हणायची, त्यावर त्यानं एक धून बांधली होती. ओसरीवर बसून त्यानं ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा द्वारकाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली होती. जातं ओढताना जोर लागतो तिथं सूर जड व्हायचा, फिरून येताना हलका. आणि मधेच सगळं थांबायचं. एक श्वासभर काहीच नाही. मग पुन्हा सुरू.

"हे थांबतं कशाला रे?"

"अम्मी वैरण घालते ना तिथं, बाई. मूठभर दाणे टाकायचे म्हणजे एक हात सुटतो, गाणं पण सुटतं."

सबंध धून सहा मिनिटांची. वाद्यवृंदाचे संचालक बद्रीनाथ यांच्या कपाटात ती तीन वर्षं पडून होती. युसूफनं विचारलं, की ठरलेलं उत्तर मिळे, "पुढच्या वर्षी बघू." द्वारकाबाईंनी बद्रीनाथांना दोन वेळा गाठलं, एकदा नाट्यगृहाच्या जिन्यावर, एकदा गुलमंडीत भाजी घेताना. जहांआरा आता अंथरुणाला खिळली होती. ती असेपर्यंत एकदा तरी ती चाल भरल्या नाट्यगृहात, पुरी वाजावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

यंदाच्या पत्रिकेत सातव्या नंबरवर छापलेलं आलं, 'जात्यावरची धून, नवी रचना'. द्वारकाबाईंनी पत्रिका देवाजवळ ठेवली, मग स्वतःचंच हसू आलं म्हणून उचलून पर्समध्ये टाकली.

कार्यक्रमाला त्या घडीची नवी साडी नेसून गेल्या. सहा नंबर नेहमीचेच झाले. लाटांना या वेळी 'प्रगतीचे पाऊल' म्हटलं होतं. सातव्याला युसूफ उभा राहिला. द्वारकाबाईंनी सवयीनं घड्याळ पाहिलं. क्लॅरिनेट जड झालं, हलकं झालं, आणि वैरणीची जागा आली.

तिथं झांज वाजली.

दुसऱ्या वैरणीला ढोलकीनं तुकडा मारला. तिसरी वैरण आलीच नाही. बद्रीनाथांनी हात उंचावला, बावीसच्या बावीस वाद्यं एकदम उसळली, आणि युसूफची धून नदीला ओढा मिळावा तशी सरळ त्या जुन्या लाटांमध्ये गेली. लोकांनी वन्समोअर दिला. वन्समोअरला लाटाच वाजल्या.

मध्यंतरात बद्रीनाथ स्वतः चहा घेऊन आले. "बाई, झालं ना तुमच्या मनासारखं? नवीन पाहिजे म्हणत होता."

"मधल्या जागा का भरल्या?"

"अहो, ती थांबते! लोकांना वाटतं संपलं, टाळ्या पडतात. लाज जाते आमची. आता या वर्षी तरी गुण नीट द्या, नाहीतर कमिटी म्हणेल नवीन केलं तर कमीच मिळतात, मग कशाला करायचं?"

द्वारकाबाईंच्या तोंडचा चहा कडू झाला. आठ लिहिले, तर हा गोंगाट नवा ठरतो. दोन लिहिले, तर युसूफची धून परत कपाटात. शेवटच्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं आणि पहिली झांज वाजेपर्यंत घड्याळात जे मोजलं होतं ते लिहिलं, 'अठ्ठेचाळीस सेकंद'.

दोन दिवसांनी समितीचे चिटणीस आप्पासाहेब यांचा फोन आला. "बाई, दहापैकी अठ्ठेचाळीस कसे द्यायचे हो?"

"गुण नाहीत ते. दीड तासात तेवढंच नवीन होतं."

"असं फायलीत चालत नाही. आकडा सांगा. बाकीच्यांनी नऊ-नऊ दिलेत."

"एक लिहा."

"एकच?"

"तो युसूफचा आहे. बद्रीनाथांचं शून्य."

आप्पासाहेबांनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाले, "पुढच्या साली तुम्हाला तसदी देणार नाही, बाई," आणि फोन ठेवला.

मंगळवारी युसूफ नानखटाईचा पुडा घेऊन आला. चेहरा फुललेला. "बाई, अम्मीला सांगितलं, तुझं गाणं थिएटरात वाजलं. रडली खुशीनं."

"कुठं वाजलं? दोन कडवीसुद्धा धड नाही वाजली!"

"वाजली ना, थोडी तरी. एवढ्या लोकांनी ऐकलं."

या पोराला कधी राग येणार, याचाच त्यांना राग आला. "क्लॅरिनेट आणलंय ना? बस इथं. सबंध वाजव."

तो ओसरीवर बसला आणि त्यानं सुरुवात केली. जड, हलकं, जड, हलकं. पहिली वैरण आली. रस्त्यावर रिक्षा गेली तेवढीच ऐकू आली. दुसरी आली. तिसऱ्या वैरणीला आतून नानासाहेबांनी विचारलं, "झालं का?"

"नाही," द्वारकाबाई ओरडल्या, "अजून व्हायचंय!"

सहा मिनिटांनी ते खरोखर झालं. नानासाहेब पेपराची घडी घालत बाहेर आले, नानखटाई उचलली आणि खुर्चीत बसले. "छान आहे रे पोरा. लई छान." मग घास गिळून म्हणाले, "पण ते लाटांचं, आपलं नेहमीचं, ते एकट्याला वाजवता येतं का?"

युसूफनं एकदा बाईंकडे पाहिलं. मग वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून क्लॅरिनेट ओठाला लावलं. वाजवलं मात्र फार सुरेख. नानासाहेबांनी डोळे मिटून खुर्चीच्या हातावर ठेका धरला.

द्वारकाबाई उठल्या आणि आत गेल्या. येसर कालवायचं राहिलं होतं.