गुलाब मिस्त्रीची तेरवी

गुलाब मिस्त्री गेला तेव्हा वर्धेतली माणसं अशी हळहळली, की परक्याला वाटावं कोणी साधुपुरुषच गेला. कसला साधुपुरुष! ज्याची गाडी त्याच्या नालवाडीच्या कारखान्यात गेली त्याला विचारा. "उद्या न्या, मालक," म्हणायचा, आणि त्याचा तो उद्या पोळा उलटल्यावर उगवायचा. तोवर तुमच्या गाडीचा भोंगा भलत्याच्याच गाडीत वाजत असे आणि तुमच्या गादीवर तिसराच कोणी ऐटीत बसलेला. पण जादू होती बुवा त्याच्या हातात! लढाईनंतर मिलिटरीच्या मोडक्या गाड्या लिलावात निघाल्या, त्या हा बैल जुंपून ओढून आणायचा आणि त्यातून नवरदेवाच्या गाड्या उभ्या करायचा. कापसाचे व्यापारी प्रभाकरराव यांची मोरगाडी त्यानंच घडवली. बोनेटवर पितळी मोर, मागं पिसाऱ्यासारखा उघडणारा टप. ती रस्त्यानं निघाली की जिनिंगमधल्या बाया काम टाकून फाटकाशी यायच्या. लोक त्याला शिव्या घालत यायचे आणि जाताना दुसरी गाडी सांगून जायचे.

त्याचे किस्से ऐकून सगळे पोट धरून हसत. शकुबाईला कधी हसू आलं नाही. तिचा नवरा तानबा मिस्त्रीकडं ड्रायव्हर होता.

मिस्त्रीनं एक जीप मधोमध कापली, दोन हात लांब केली आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी भाड्यानं लावली. लांब जीप! सगळ्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती. तानबा ती चालवायचा. एका उन्हाळ्यात, संध्याकाळी तो घरी आला आणि जेवेचना.

"गाडी मधातून कन्हून राह्यली, शकू," तो म्हणाला. "मिस्त्रीले सांगतलं. पुनाजीनंबी सांगतलं, का जोड टिकनार नाई, लोखंड जुनं आहे. मिस्त्री म्हन्ते, चालवत राह्य, मी आहो ना!"

पुनाजी म्हणजे मिस्त्रीचा वेल्डिंगवाला. जंगलकामातून आलेला गोंड गडी, अबोल, मान खाली घालून झाळ लावणारा. त्यानं तोंड उघडून एवढं सांगितलं, म्हणजे विचार करा!

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरच्या अलीकडं नाल्याच्या उतारावर जीप वऱ्हाडासकट मधोमध मोडली. तानबा जागीच गेला. नवरीची मावशी गेली. वऱ्हाडात कोणीतरी मोहाची बाटली आणली होती, ती फुटली आणि सगळ्या गाडीला तिचा वास लागला. गुलाब मिस्त्री सगळ्यांच्या आधी तिथं पोचला. डोळे पुसत, मोठ्या मनाच्या माणसासारखा पोलिसांना म्हणाला, "पोरगा लाखाचा होता, साहेब. पन घेत होता जराशी."

झालं! तानबानं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. तिचा वास आला तर ओकारी यायची त्याला. पण मिस्त्री बोलला ना! मोडकी जीप त्यानं स्वतःच उचलून नेली. महिनाभरात तिचं इंजिन एका गाडीत, चाकं दुसरीत, पाटे तिसरीत. पाहायला काही उरलंच नाही. वर शकुबाईच्या घरी दर महिन्याला ज्वारी पाठवू लागला. लोक म्हणाले, काय दिलदार माणूस! दारुड्याच्या बायकोलेबी पोसून राह्यला.

दारुड्याची बायको. नळावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर. शकुबाईनं ती ज्वारी खाल्ली, कारण घरात दुसरं काही नव्हतं, आणि प्रत्येक घासाला तिचा जीव जळला. तिला दुसरं काही नको होतं. कोणीतरी एकदा, चारचौघांत, म्हणावं की तानबा प्यालेला नव्हता. ती मिस्त्रीच्या कारखान्यात गेली, हात जोडले. मिस्त्री गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला, "दुःखात मानूस कायबी बोलते, वहिनी. बसा, च्या घ्या." तिनं पुनाजीकडं पाहिलं, तर तो आपला ठिणग्यांत तोंड लपवून बसला. तिनं त्याला रस्त्यात गाठलं, त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोसमोर, रुखमासमोर विचारलं. तो मान वर करेना.

आणि मग दोन वर्षांनी गुलाब मिस्त्रीच मेला. झोपेत, सुखानं. शकुबाईला रडू फुटलं ते त्याच्यासाठी नव्हे. आता तानबाचं नाव कोण सोडवणार?

तेरवीला कारखान्यात मोठी सभा भरली. नागपूरचे लोक, मालगुजार, ड्रायव्हर, लोहार, सगळे. एकेक जण उठून मिस्त्रीच्या लबाड्या सांगे आणि सांगता सांगता रडे. "माया गाडीचा एक दिवा त्यानं आखरीपर्यंत देल्ला नाई हो!" म्हणून एक जण ढसाढसा रडला. मिस्त्रीची म्हातारी बायको भिंतीशी टेकून ऐकत होती. शेवटी प्रभाकरराव म्हणाले, "मिस्त्रींनी ज्या बाईला पोसलं, तिनं दोन शब्द बोलावे."

शकुबाई उठली.

"माया मानूस पेला नव्हता," ती म्हणाली. "जीप जोडावर मोडली. मिस्त्रीले सांगतलं होतं त्यानं. पुनाजीभाऊले ठाऊक आहे. भाऊ, तुमाले तुमच्या लेकराची आन, आता तरी सांगा!"

कुजबुज झाली. "अवो बाई, गेलेल्या मानसाबद्दल असं बोलतेत का?" कोणी तिचा पदर ओढून तिला खाली बसवू लागलं. तेवढ्यात मागं पुनाजी उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली. आधी शकुबाईकडं पाहिलं, मग मिस्त्रीच्या म्हातारीकडं.

"जोड माया हातचा होता," तो म्हणाला. "कच्चा राह्यला. तानबा पेला नव्हता."

एवढंच. मिस्त्रीला आधीच बजावलं होतं, मिस्त्रीनं ऐकलं नाही, हे तो बोललाच नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या तेरवीला, त्याच्या बायकोसमोर, कसं बोलावं त्यानं? सगळा भार आपल्याच डोक्यावर घेऊन मोकळा झाला वेडा.

प्रभाकररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे मिस्त्रींचा काही दोष नव्हता!"

मग काय विचारता! दोन माणसं मारणारा हाच का तो? एकानं पुनाजीच्या कानशिलात ठेवून दिली, दुसऱ्यानं लाथ घातली. जो तो हात धुऊन घेऊ लागला. पुनाजीनं हातसुद्धा आडवा घातला नाही. शकुबाईच्या ओठांशी आलं होतं: अरे, त्यानं सांगितलं होतं, तुमच्या मिस्त्रीनंच ऐकलं नाही! तेवढ्यात तिच्या मागून कोणीतरी म्हणालं, "मंजे तानबा पेला नव्हता का? उगाच बिचाऱ्याले बदनाम केलं."

बिचारा, म्हणाले. तिच्या तानबाला! त्या एका शब्दासाठी ती जीव धरून जगली होती. आता तोंड उघडलं तर हे लोक पुन्हा मिस्त्रीची बाजू घेतील, आणि पुन्हा दारूवर येतील. तिनं ओठ घट्ट मिटले. पुनाजीला ओढत फाटकाबाहेर नेलं, तेव्हाही मिटलेलेच होते.

आठवडाही गेला नसेल, रुखमा तिच्या दारात येऊन उभी राहिली. पुनाजीला काम कोणी देईना. त्याला पाहून लोक तोंड फिरवून थुंकत. तो घरात भिंतीकडं तोंड करून पडला होता, जेवत नव्हता.

"तुले मालूम होतं ना?" रुखमानं विचारलं. आवाज चढवला नाही तिनं. "मंग काऊन नाई बोलली? मले तुयं काई नाई पाह्यजे, माय. एकडाव चारचौघांत सांग."

अगदी तिचेच शब्द! शकुबाईला ते कानशिलात मारल्यासारखे लागले.

"कोनाले सांगू, रुखमा? सभा उठली. मिस्त्री काई दुसऱ्यांदा मरनार आहे?"

रुखमा गेली नाही. उंबऱ्याशी तशीच उभी राहिली, जशी शकुबाई तिच्या दारात उभी राहिली होती.

शेवटी शकुबाईनं पदर खोचला. "चाल," म्हणाली.

कारखान्यात नव्या गाडीचं काम जोरात होतं. मिस्त्रीच्याच गड्यांनी हाती घेतलेलं, चार हातोडे एकदम पत्र्यावर पडत होते. शकुबाई मधोमध जाऊन उभी राहिली आणि ओरडून सांगू लागली, की पुनाजीनं बजावलं होतं, मिस्त्रीनं ऐकलं नाही, माझ्या नवऱ्यानं मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. हातोडे थांबले नाहीत. "बाजूले व्हा, बाई, पत्रा लागन," एक जण म्हणाला. ती आणखी मोठ्यानं ओरडली. घसा फाटला, पदर सुटला.

"कोन आहे हो ही?" नव्या गड्यानं विचारलं.

"तानबाची बायको," दुसरा हसत म्हणाला. "आज हीबी पेऊन आली वाट्टे."

शेजारी उभ्या रुखमानं ते ऐकलं. शकुबाईनंही ऐकलं, आणि तरी ती बोलत राहिली.