अकोल्याची इराणी थाळी आणि तिचे सात टाके

आधीच सांगते, चिडून लिहितेय. अकोल्याला कसं जायचं, कुठे काय खायचं, ते येईल ओघात. पण ज्यांना नुसतं गोडगोड वाचायचंय त्यांनी आजचा लेख सोडला तरी चालेल.

मी नाशिकला मातीकाम शिकवते आणि जुनी भांडी बघायला कुठेही जाते. इराणी भांड्यांवर मागे इथे लिहिलं होतं, ते वाचून अकोल्याच्या जठारपेठेतल्या इंगळे सरांनी एका थाळीचे पुढून-मागून दोन फोटो आणि तिची हकिकत पाठवली. सर निवृत्त शिक्षक, पंच्याहत्तरी ओलांडलेले. फोटोत थाळी: मळकट पांढऱ्या अंगावर निळी फुलं, मधोमध काळ्या रेघेतलं सरूचं झाड. बघताक्षणी इराणी वाटली. तीन तुकडे झालेली, आणि पाठीमागून तांब्याच्या तारेचे सात टाके घालून जोडलेली.

सरांची आई अंजनगाव सुर्जीच्या मळ्यांत पानपिंपळी, म्हणजे औषधाची पिंपळी, तोडायला जायची. तिथल्या एका हकिमांकडे ही थाळी फुटली. त्यांनी टाकायला काढली, आईने तुकडे पदरात बांधून घरी आणले. वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांनी गिरमिटाने पाठीला चौदा भोकं पाडली, तीही अर्ध्या जाडीपर्यंतच. एक जरी आरपार गेलं असतं तरी थाळी संपली असती. मग तारेचे आकडे बसवले. तेव्हापासून दारी येणाऱ्या प्रत्येकाला विड्याचं पान याच थाळीत. वडिलांचा एकही फोटो नाही. त्यांच्या हातचं म्हणून काय ते हे सात टाके.

मी उत्तर दिलं, ‘येतेच बघायला.’ आणि पुढे उगाचच एक वाक्य चिकटवलं, ‘अखंड असती तर काय दिसली असती!’

नाशिकरोडहून थेट गाडी आहे, दुपारी अकोल्यात उतरले. स्टेशनवरून जठारपेठेला रिक्षा लगेच मिळते, फक्त भाडं आधी ठरवा. सरांच्या पत्नीने, काकूंनी, वांग्याचं भरीत, भाकर आणि असा काही ठेचा वाढला की डोळ्यांतून पाणीच आलं. जेवण झाल्यावर सर कपाटातून थाळी घेऊन आले. चेहरा नुसता फुललेला. थाळी गुळगुळीत, चकचकीत. एकही तडा नाही.

मी ती उपडी केली. पाठ घासून सपाट केलेली, वर पांढरा रंग. टाके गायब.

“तुमी येऊन राहिल्या होत्या ना,” सर म्हणाले. “पाहुण्याले फुटकी थाळी कशी दाखवाव? अमरावतीले देऊन आलो.”

पाहुणा येणार म्हणून लोक घराला रंग काढतात, सरांनी थाळीला काढला. आणि त्यांना ती फुटकी वाटली कुणामुळे? माझ्यामुळे. त्या आगाऊ वाक्यामुळे. मी टाक्यांसाठीच आले होते, हे सांगितलं तेव्हा सरांनी थाळी माझ्या हातातून घेतली आणि तिच्या सपाट पाठीवरून बोट फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अमरावतीच्या एसटीत. मला अर्धं तिकीट, सरांना फुकट. वाटेत मूर्तिजापूरला चहा घेतला. थाळी ज्याने दुरुस्त केली त्या अमरावतीच्या दुकानाचं नाव मी देणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? दुकानदार गोड बोलणारा. जोड शोधून दाखवा म्हणाला. पकडीने आकडे उपटले, तुकडे पक्क्या गोंदाने चिकटवले, लांबीने, म्हणजे पुट्टीने, भोकं बुजवली, तड्यांवर ऑइल पेंटने फुलं काढली, हे सगळं त्याने कौतुकाने सांगितलं. एवढं शिकलेला माणूस, हात चांगला, आणि विचारायची बुद्धी नाही की बाबा, हे कुणी जोडलंय? जुनं भांडं नवं दिसलं की दुरुस्ती झाली म्हणे. संताप आला नुसता.

“आकडे कुठायत?” मी विचारलं.

“ते काळे तुकडे? भंगारात गेले, ताई.”

सर त्याच्यावर चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. बाहेर गिला वडा खाल्ला. अमरावतीला जाल तेव्हा जरूर खा. मला त्या दिवशी चव लागली नाही.

अकोल्याला परतल्यावर जठारपेठेतल्या दुकानातून नेलपॉलिश काढायचं पाणी आणि कापूस घेतला. आधी कडेला थेंबभर लावून पाहिलं. खालच्या निळ्याला धक्का नव्हता, वरचा रंग मात्र सुटत होता. तुकडे धरून ठेवणारा जोड तसाच राहू दिला. मी पुसत होते आणि सर भिंग धरून बसले होते. पुढून तडे परत आले. मग पाठीला लांबी मऊ झाली, तशी टाचणीने उकरली. एकेक भोक उघडं पडत गेलं. चौदाच्या चौदा. सरांनी प्रत्येकावर बोट ठेवून मोजली.

“टाके गेले,” ते म्हणाले, “पण भोकं तं बाबाच्याच हातची हायेत.”

नवी तार घालू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. काकूंनी थाळीत पान लावून माझ्यापुढे ठेवलं.

नाशिकला आल्यापासून सगळ्यांना सांगतेय की जुन्या भांड्याचा जोड दिसला तर आधी तो कुणी घातला ते विचारा. आणि ‘अखंड असती तर’ असं म्हणू नका, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. सरांना पोचल्याचा फोन केला, पुन्हा एकदा माफी मागितली. त्यांनी ती ऐकूनच घेतली नाही.

“पुढच्या खेपेले जरूर या,” म्हणाले. “फक्त आधी सांगू नका.”